अजायी : नाव, पद आणि अधिकार

योरुबा लोकांमध्ये 'अजायी' हे नाव आई-बापाला निवडावं लागत नाही. मूल जन्मताना पालथं, तोंड जमिनीकडे करून बाहेर आलं की ते अजायी. नैऋत्य नायजेरियात आणि शेजारच्या बेनिनमध्ये राहणाऱ्या या समाजात अशा नावांचा एक वेगळा वर्गच आहे. त्याला 'अमुतोरुन्वा' म्हणतात, म्हणजे मुलाने स्वर्गातून सोबत आणलेलं नाव. जुळ्यांत आधी येणारं ताइवो, मागून येणारं केहिंदे. गंमत अशी की मागून येणारं तेच थोरलं मानतात. त्याने धाकट्याला 'जरा जग कसं आहे बघून ये' म्हणून पुढे धाडलं, असा त्यांचा हिशोब. जुळ्यांच्या पाठीवरचं इदोवू. पायाळू जन्मलं तर इगे. नाळ गळ्याभोवती गुंडाळून आलेला मुलगा ओजो आणि मुलगी आयना. आठव्या दिवशी पाणी, मीठ, मध, कोलाचं फळ ठेवून बारसं करतात आणि आणखी नावंही ठेवतात, पण हे पहिलं नाव मूल घेऊनच आलेलं असतं.

हे नाव मला महत्त्वाचं वाटतं ते एका साध्या कारणाने. तू कसा जन्मलास एवढंच ते सांगतं. कुठल्या घरात जन्मलास ते सांगत नाही. राजाच्या वाड्यात मूल पालथं आलं तरी अजायी, विणकराच्या घरी आलं तरी अजायी. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायातला ३१वा श्लोक आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नको. ब्राह्मणाचं नाव मंगल, क्षत्रियाचं बळाचं, वैश्याचं धनाचं आणि शूद्राचं तुच्छतेचं असावं, असं तिथे सरळ लिहून ठेवलंय. ज्या नावावरून माणसाची पायरी काढता येत नाही ते नाव कसं असतं, हे आपल्याला मुद्दाम शोधावं लागतं.

पण लगेच भाळूनही जायचं कारण नाही. योरुबांची सगळीच नावं अशी नाहीत. 'आदे' म्हणजे मुकुट. आदेबायो, आदेवाले अशी नावं मुळात राजघराण्याशी नातं सांगणारी. 'आयान'ने सुरू होणारं नाव ढोल वाजवणाऱ्यांच्या घराचं. 'ओगुन' ही लोखंडाची देवता, तिचं नाव लोहार आणि शिकाऱ्यांच्या घरात सापडतं. या समाजात राजे होते, गुलाम होते आणि कर्जाच्या व्याजापोटी माणूस राबायला ठेवायची 'इवोफा' नावाची पद्धतही होती. 'आफ्रिकेत सगळं छान होतं, गोऱ्यांनी येऊन बिघडवलं' असं सांगणारे मित्र आपल्यातही भेटतात. त्यांनी पुढची गोष्ट जरा नीट ऐकावी.

१८२१ साली ओशोगुन या गावावर गुलाम पकडणाऱ्यांची धाड पडली. धाड घालणारे गोरे नव्हते. ओयो हे मोठं योरुबा साम्राज्य तेव्हा मोडत चाललं होतं आणि त्या मोडतोडीत माणूस पकडून विकणं हा धंदा झाला होता. पकडलेल्यांत बारा-तेरा वर्षांचा अजायी होता, त्याची आई अफाला होती, बहिणी होत्या. लवकरच सगळ्यांची ताटातूट झाली. अजायी हातोहात विकला गेला. एकदा तर घोड्याच्या बदल्यात दिला आणि घोडा पसंत पडला नाही म्हणून परत केला. पोर्तुगीजांना विकतील या भीतीने त्याने रात्री स्वतःचाच गळा आवळायचा प्रयत्न केला, असं त्याने पुढे लिहून ठेवलंय. शेवटी व्हायचं तेच झालं. लागोसहून त्याला पोर्तुगीज जहाजावर चढवलं. एप्रिल १८२२ मध्ये ब्रिटिश आरमाराच्या मिर्मिडन या जहाजाने ते अडवलं आणि सुटका झालेल्यांना सिएरा लिओनमधल्या फ्रीटाउनला उतरवलं.

फ्रीटाउनला सुटका झालेल्या माणसांची नोंदवही ठेवत. नाव, वय, उंची, अंगावरच्या खुणा. कारकून इंग्रज, समोरचा माणूस आदल्या दिवसापर्यंत साखळीत. कानाला ऐकू आलं तसं नाव लिहिलं जायचं. तरी त्या वह्या आज सोन्याच्या मोलाच्या झाल्यात, कारण इतिहासाचे अभ्यासक त्यातल्या हजारो नावांवरून कोण योरुबा, कोण इग्बो, कोण हौसा हे शोधतात. ज्या माणसांचं गाव, घर, नातं सगळं पुसलं गेलं, त्यांचा पत्ता शेवटी त्यांच्या नावानेच दिला.

मग शाळा आली, मिशन आलं आणि नावं बदलली. चर्च मिशनरी सोसायटीच्या शाळांत अशीही पद्धत होती की इंग्लंडमधल्या देणगीदाराने एका मुलाच्या खर्चाचे पैसे पाठवायचे आणि त्या मुलाला आपल्या पसंतीचं नाव लावायचं. दान देणाऱ्याचं नाव दगडावर कोरतात ते आपण पाहिलंय. इथे ते माणसावर कोरत होते. डिसेंबर १८२५ मध्ये अजायीचा बाप्तिस्मा झाला आणि तो सॅम्युएल क्राउदर झाला. मूळ सॅम्युएल क्राउदर हे लंडनमधले एक पाद्री, सोसायटीच्या समितीवरचे. त्याच फ्रीटाउनच्या परिसरात, मुक्त झालेल्या लोकांच्या वस्तीत, एका मुलाचं नाव ठेवलं गेलं थॉमस बॅबिंग्टन मेकॉले. होय, भारतातल्या इंग्रजी शिक्षणाबद्दल वाचताना भेटतं तेच नाव. या मेकॉलेने पुढे १८५९ साली लागोसमध्ये पहिलं ग्रामर स्कूल काढलं आणि क्राउदरचा तो जावई झाला. त्याचा मुलगा हर्बर्ट मेकॉले हा नायजेरियातल्या राष्ट्रवादी राजकारणाचा आरंभकर्ता मानला जातो. इंग्रजांविरुद्ध उभा राहिलेला माणूस आणि नाव मेकॉले! नावावरून माणूस ओळखायला निघालेल्यांची अशी फजिती होते.

ही सगळी गोष्ट आपल्यापासून फार दूरची नाही. नाशिकच्या शरणपूर रोडवरून रोज हजारो लोक जातात. हे शरणपूर याच चर्च मिशनरी सोसायटीने १८५४ साली वसवलेलं. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गुलामांच्या जहाजांतून सोडवलेल्या मुलांना मुंबईला आणत आणि त्यांच्यातल्या अनेकांना शरणपूरच्या आफ्रिकन आश्रमात ठेवत. तिथेही तीच रीत. चेंग्विंबे नावाचा याओ मुलगा नाशिकला मॅथ्यू वेलिंग्टन झाला. जेकब वेनराइट हाही नाशिकचाच विद्यार्थी. मध्य आफ्रिकेत वारलेल्या डेव्हिड लिव्हिंग्स्टनचा देह या 'नाशिकच्या मुलांनी' आणि त्यांच्या सोबत्यांनी शेकडो मैल वाहून किनाऱ्याला आणला. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत अंत्यविधी झाला तेव्हा शवपेटीसोबत चालणाऱ्यांत वेनराइट होता. ही मुलं योरुबा नव्हती, आफ्रिकेच्या दुसऱ्या टोकाची होती. पण नाव बदलणारी संस्था एकच आणि वहीही त्याच घाटाची.

आमच्या अभ्यासवर्गात हा विषय निघाला तेव्हा एका मुलीने मध्येच विचारलं, 'ताई, नावं सगळी पुरुषांचीच का? त्या आईचं काय झालं?' प्रश्न बरोबर होता.

अफाला त्या धाडीनंतर अनेकदा विकली गेली, सोडवली गेली, पुन्हा पकडली गेली. १८४६ मध्ये क्राउदर पाद्री होऊन अबेओकुटा शहरात आला होता. तिथे आई आणि मुलाची भेट झाली, पंचवीस वर्षांनी. ही भेट त्याने आपल्या रोजनिशीत नोंदवली आहे. दोघं हात धरून नुसती एकमेकांकडे बघत बसली. मग आईने त्याला एकेका लाडक्या नावाने हाक मारली. ही नावं त्याच्या आजीची. लहानपणी ती त्याला अशी हाक मारायची आणि आता ती गुलामीतच मरून गेली होती. फ्रीटाउनच्या वहीत नसलेली, बाप्तिस्म्याच्या दाखल्यात नसलेली ही नावं एका बाईने पंचवीस वर्षं जपून ठेवली होती. पुढे १८४८ साली अफालाचाही बाप्तिस्मा झाला आणि ती हॅना झाली. क्राउदरची बायको असानो, तीही सोडवलेल्या गुलामांपैकीच. ती सुसान झाली. असानो आणि अफाला ही नावं आज विद्यापीठावर नाहीत, टपाल तिकिटावर नाहीत. अजायीच्या चरित्रात दोन-चार ओळी, बस.

क्राउदरला गोऱ्यांच्या ताटाखालचं मांजर म्हणणारे आहेत. मिशनचा आदर्श नमुना म्हणून त्याची तसबीर मिरवणारेही आहेत. मला दोन्ही पटत नाहीत. १८४३ साली त्याने योरुबा शब्दकोश छापला. पुढे बायबलच्या योरुबा भाषांतराचा मोठा भार त्याने उचलला. योरुबात सुराला अर्थ असतो. 'ओको' हाच उच्चार सूर बदलला की नवरा, कुदळ, वाहन किंवा भाला होतो. ही भाषा लिहायची कशी, हे ठरवण्यात ज्यांनी आयुष्य घातलं त्यांत तो आघाडीवर होता. ओयो, एग्बा, इजेबू असे स्वतःला वेगवेगळे म्हणवणारे लोक पुढे एका लिखित भाषेमुळे 'योरुबा' म्हणून एकत्र आले, त्यात त्या पुस्तकांचा वाटा आहे. त्या कोशावर नाव मात्र सॅम्युएल क्राउदर. अजायी नाही.

आता पदाकडे येऊ. २९ जून १८६४ रोजी कँटरबरीच्या कॅथेड्रलमध्ये त्याला बिशप केलं. अँग्लिकन चर्चचा पहिला आफ्रिकी बिशप. त्याच वर्षी ऑक्सफर्डने मानद डॉक्टरेट दिली. गुलामाच्या साखळीपासून बिशपच्या काठीपर्यंत, हे भाषणात सांगायला छान वाक्य आहे आणि ते दीडशे वर्षं सांगितलं जातंय. पण एक प्रश्न कुणी विचारत नाही : बिशप कुठला?

योरुबा प्रदेशाचा नाही! ज्या अबेओकुटात त्याची आई राहत होती, ज्या भाषेचा कोश त्याने केला, तो प्रदेश त्याच्या हाताखाली दिलाच नाही. तिथे हेन्री टाउनसेंड आणि इतर गोरे मिशनरी होते आणि काळ्या बिशपच्या हाताखाली काम करायला त्यांनी नकार दिला. टाउनसेंडचा युक्तिवाद तर असा की काळ्या लोकांना गोऱ्याबद्दलच आदर वाटतो, तेव्हा काळा वरिष्ठ त्यांच्याच हिताचा नाही. म्हणून क्राउदरला पाठवलं नायजर नदीवर, जिथली भाषा त्यालाही परकी होती. पद त्याला देऊन झालं होतं, अधिकाराचा नकाशा मात्र विरोध करणाऱ्यांच्या सोयीने आखला.

आणि हे पद तरी का मिळालं? सोसायटीचे सचिव हेन्री व्हेन यांचा स्थानिक चर्च स्वतःच्या पायावर उभं करण्याचा आग्रह खरा होता, ते श्रेय नाकारायचं कारण नाही. पण दुसरं कारण हिवताप. १८४१च्या नायजर मोहिमेत गेलेल्या सुमारे दीडशे गोऱ्यांपैकी चाळीसच्या आसपास माणसं तापाने गेली. क्राउदर त्या मोहिमेत होता. गोरे मरत होते तोवर आफ्रिकी पाद्री, आफ्रिकी शिक्षक, आफ्रिकी बिशप यांची गरज होती. १८५४च्या मोहिमेत क्विनीन नियमित दिलं आणि एकही गोरा दगावला नाही. क्राउदर त्याही मोहिमेत होता. पुढच्या तीस वर्षांत क्विनीन आलं, तोफांच्या बोटी आल्या, बर्लिनच्या परिषदेत आफ्रिका वाटली गेली, १८८६ साली रॉयल नायजर कंपनीला सनद मिळाली. आता गोऱ्या माणसाला तिथे जगता येत होतं आणि राज्यही करायचं होतं. मग काळा बिशप अचानक अकार्यक्षम ठरू लागला. माझ्या मते क्राउदरच्या आयुष्यातली हीच खरी शिकण्यासारखी गोष्ट आहे. गरजेपोटी दिलेलं प्रतिनिधित्व गरज संपली की काढून घेतात, आणि काढून घेताना कारण म्हणून 'गुणवत्ता' पुढे करतात.

१८९०च्या ऑगस्टमध्ये काय झालं बघा. इंग्लंडहून आलेले विशी-तिशीतले मिशनरी ओनित्शाच्या समितीत बसले आणि त्यांनी ऐंशीच्या घरातल्या बिशपसमोर त्याच्याच माणसांची झडती घेतली. आफ्रिकी पाद्री आणि शिक्षक एकामागून एक निलंबित केले, त्यात बिशपचा मुलगा आर्चडीकन डँडेसन क्राउदर हाही होता. बिशप अध्यक्षस्थानी होता आणि निर्णय दुसरेच घेत होते. त्याने समितीचा राजीनामा दिला. ३१ डिसेंबर १८९१ रोजी तो लागोसमध्ये वारला. त्याच्या जागी गोरा बिशप नेमला. आफ्रिकी पाद्र्यांना दिलं ते 'सहायक बिशप' हे पद. सहायक, प्रभारी, मानद... हे शब्द कुठल्याही देशात गेलात तरी ओळखीचे वाटतात.

यावर लागोसमधल्या लोकांनी नुसता शोक केला नाही. १८९१ मध्येच युनायटेड नेटिव्ह आफ्रिकन चर्च उभं राहिलं, गोऱ्या मिशनच्या पैशाशिवाय आणि हुकमाशिवाय. १८९२ मध्ये नायजरच्या मुखाकडचं चर्च डँडेसनच्या नेतृत्वाखाली स्वायत्त झालं. आणि १८९४ मध्ये डेव्हिड ब्राउन व्हिन्सेंट नावाच्या बाप्टिस्ट पुढाऱ्याने आपलं नाव टाकून मोजोला अग्बेबी हे योरुबा नाव घेतलं, इंग्रजी पोशाखही सोडला. इथे क्रम लक्षात घ्या. अग्बेबीने नाव बदलायच्या आधी सहा वर्षं, १८८८ मध्ये, लागोसमध्ये स्वतंत्र नेटिव्ह बाप्टिस्ट चर्च निघालं होतं आणि तो त्यात पुढे होता. आधी स्वतःची संस्था, स्वतःची वर्गणी, मग नाव. आपल्याकडे फेसबुकवर नाव बदलून तेवढ्यावर क्रांती झाल्यासारखं वाटून घेणाऱ्या मित्रांना मी हा क्रम नेहमी सांगते. आणि 'नावात काय आहे' म्हणणाऱ्यांना अफालाची गोष्ट सांगते.

अजायी आज जगभर पसरलेलं आडनाव आहे. मुळात ते आडनाव नव्हेच, बापाचं जन्माचं नाव पुढच्या पिढीचं आडनाव झालं, तेही इंग्रजी कागदपत्रांना आडनावाचा रकाना भरून हवा होता म्हणून. त्यामुळे सुईणीच्या हातात सुलटा आलेलाही आता अजायी असतो. लंडनमध्ये नायजेरियन आई-बापांच्या पोटी जन्मलेला जे अजायी अमेरिकन फुटबॉल खेळला आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये फिलाडेल्फियाच्या सुपर बोल जिंकणाऱ्या संघात होता. इबादानला जन्मलेली लेखिका लव्ही अजायी जोन्स हिचं खरं नाव इफेओलुवा, म्हणजे देवाचं प्रेम. लहानपणी अमेरिकेत गेल्यावर शाळेच्या पहिल्याच दिवशी बाईंना आपलं नाव उच्चारता येणार नाही हे तिने ओळखलं आणि स्वतःच 'लव्हेट' असं नाव सांगून टाकलं. बाप्तिस्मा नाही, देणगीदार नाही, कुणी जबरदस्तीही केली नाही. हजेरीच्या वेळी होणारा एक क्षणाचा अडखळा पुरेसा झाला. आडनाव मात्र तिने सोडलं नाही. लग्नानंतर जोन्स जोडलं, तरी अजायी मध्ये ठेवलं.

आणि या सगळ्यांत मला सगळ्यात जवळचा वाटतो तो जेकब फेस्टस आदेनियी अजायी, इतिहासकार. त्याच्या नावातच सगळा झगडा आहे : दोन ख्रिस्ती नावं, एक मुकुटाचं, एक पालथ्या जन्माचं. १९२९ मध्ये इकोले-एकिटीला जन्मलेल्या या माणसाने इबादान विद्यापीठात केनेथ डिके आणि इतरांसोबत इतिहासलेखनाची एक परंपराच उभी केली. तोवर आफ्रिकेचा इतिहास म्हणजे आफ्रिकेत गोऱ्यांनी काय केलं त्याचा इतिहास. अजायीचं म्हणणं होतं की वसाहतवाद हा आफ्रिकेच्या लांबलचक इतिहासातला एक प्रसंग आहे, सगळा इतिहास नव्हे. १९६५ साली त्याचं नायजेरियातल्या ख्रिस्ती मिशनवरचं पुस्तक आलं. त्यात त्याने मिशनच्याच दप्तरातले कागद काढले, पण ते मिशनच्या बाजूने वाचले नाहीत. मिशनने एक नवा शिकलेला वर्ग कसा घडवला आणि त्याच वर्गाला दाराबाहेर कसं ठेवलं, हे त्याने दाखवलं. क्राउदरवर त्याने वेगळं पुस्तकही लिहिलं. तो लागोस विद्यापीठाचा कुलगुरू होता. १९७८ मध्ये फीवाढीविरुद्ध विद्यार्थ्यांचं आंदोलन पेटलं आणि लष्करी सरकारने त्याला पदावरून दूर केलं. ती खुर्ची गेली, पुस्तकं राहिली.

२००५ साली नायजेरियातल्या अँग्लिकन चर्चने ओयो शहरात विद्यापीठ काढलं. त्याचं नाव अजायी क्राउदर विद्यापीठ. सॅम्युएल गळला, अजायी पुढे आला. २९ जून २०१४ रोजी, बिशपपदाला दीडशे वर्षं झाली त्या दिवशी, कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी त्याच कॅथेड्रलमध्ये क्राउदरवर चर्चने केलेल्या अन्यायाबद्दल माफी मागितली. त्यानंतर सहा आठवड्यांनी, ९ ऑगस्टला, इतिहासकार अजायी वारला. ओनित्शाच्या त्या समितीत ज्या आफ्रिकी शिक्षकांना आणि पाद्र्यांना घरी पाठवलं, त्यातल्या बहुतेकांची नावं माफीच्या त्या दिवशीही कुणी घेतली नाहीत. ती अजून दप्तरातच आहेत, आरोपांच्या शेजारी लिहिलेली.